पुढच्याचा पत्ता

रात्रीचे दोन. डंडी. टे नदीवरून वारा येतो
आणि खिडकीच्या फटीत कोंबलेला मोजा हलतो.
ही इमारत आधी तागाची गिरणी होती.
आता चौथ्या मजल्यावर मी, दोन ग्रीक मुलं
आणि घरमालक गिलेस्पीचा हीटर,
जो तापतो कमी, बोलतो जास्त.

डॉ. मॅकिनेस म्हणाल्या, तयार काही वापरायचं नाही.
यादी आपली आपण बांधायची, पायापासून.
म्हणून बांधतेय.

नोड म्हणजे दोन खणांचा डबा.
एका खणात ऐवज, एखादा आकडा.
दुसऱ्यात पुढच्याचा पत्ता.
पुढचा नव्हे. त्याचा पत्ता.
हे डोक्यात शिरायला आठवडा गेला,
तेही टपालामुळे:
खाली दाराशी अजून पत्रं पडतात
कुणा मिस मोराग डफीच्या नावाची,
दाताच्या डॉक्टरची, लायब्ररीची.
बाई कधीच निघून गेली.
पत्ता तिला धरून बसलाय.

यादीतले डबे शेजारी राहत नाहीत.
एक हिलटाउनच्या चढावर, एक बंदराकडे,
एक कुठल्या कुठे.
प्रत्येकाला एकच घर ठाऊक,
अख्खी वस्ती कुणालाच नाही.
शेवटच्याच्या दुसऱ्या खणात नल.
वहीत मी आधी नळ लिहिलं होतं, खोडलं नाही.
इचलकरंजीत चार दिवसांआड यायचा तो,
तोटी सोडली की आधी फुस्स, मग काहीच नाही.
नलकडे पुढचा पत्ता मागितला
तर अख्खा प्रोग्रामच फुस्स.
आज अकरा वेळा.

मग तीन आणि नऊच्या मध्ये पाच घालायला गेले.
तीनला म्हटलं, नऊला सोड, पाचला धर.
त्याने ऐकलं.
नऊ गेला.
त्याच्यामागचा बारा, बाराच्या मागचा चाळीस,
सगळे मेमरीत कुठेतरी धडधाकट, जागच्या जागी,
पण त्यांचा पत्ता आता कुणाकडे नाही.
स्क्रीनवर लाल काही उमटलं नाही.
यादी आखूड झाली, एवढंच.
चुका: शून्य.

चहा टाकला. दूध संपलेलं.
आणि पप्पांचे हात आठवले,
चुन्याने फाटलेली दोन बोटं, तुटलेला ताणा,
मागांच्या खडखडाटात ओरडून सांगणं:
आधी नव्याचं टोक पुढच्याला बांध गं,
मग मागच्याला!
उलट केलंस तर टोक बीममध्ये जाऊन बसतं,
मग शोध दिवसभर.
मी आठ वर्षांची. मला बर्फाचा गोळा हवा होता.

पाच, तू आधी नऊला धर.
धरलंस?
आता तीन, तू पाचला.

तीन, पाच, नऊ, बारा, चाळीस, नल.
पहिल्यांदाच तीन-पाच न करता.
मी मोठ्याने वाचलं बहुतेक,
पलीकडून ग्रीकाने भिंत ठोकली.

काढून टाकणं अजून राहिलंय. ते उद्या.
बारा काढायचा, त्याची जागा परत करायची,
आणि त्याचा पत्ता आणखी कुणी जपून ठेवला असेल
तर तिथूनही पुसायचा.
मॅकिनेसबाई म्हणतात, हे सगळेच विसरतात.
चार वर्षांपूर्वी माग भंगारात गेले, किलोच्या भावाने.
पप्पा अजून पाचला उठतात,
शेडकडे तोंड करून खुर्ची टाकतात, चहा पितात.
शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे,
ते दहाला उघडतं.

संध्याकाळी वर येताना
मिस डफीचं आणखी एक पत्र उचलून आणलं होतं.
आत्ता त्यावर लिहिलं: इथे राहत नाही.
खाली लिहिलं: नवा पत्ता,
आणि पेन तसंच टेकवून बसले.
निळा ठिपका पसरत गेला,
पाकिटाच्या आत उतरला असेल.